मुलींचे मैदान आणि गावाची वर्गणी

(तृतीय वर्ष कला)

एखादी मुलगी पदक घेऊन आली की गाव वेशीपर्यंत सामोरे जाते. हलगी वाजते, गुलाल उधळला जातो, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते आणि चौकात तिच्या अभिनंदनाचा भलामोठा फलक लागतो. त्या फलकावर बहुधा तिच्यापेक्षा शुभेच्छुकांचीच छायाचित्रे मोठी असतात! हा आनंद खोटा असतो असे मला म्हणावयाचे नाही. आपल्या मातीतील लेक नाव काढते तेव्हा कुणाचाही ऊर भरून यावा. परंतु मनात एक प्रश्न मात्र राहून राहून येतो. हीच मुलगी सातवी-आठवीत असताना, शाळा सुटल्यावर दोन खांबांच्या मधल्या मातीत धडपडत होती, तेव्हा हे गाव कुठे होते?

माध्यमिक शाळेतील मुलींचे खेळ हा विषय आपल्याकडे दोनच माणसांच्या माथी मारलेला असतो. एक त्या शाळेचे पी.टी.चे सर आणि दुसरी ती मुलगी स्वतः. सरांनी शिकवावे, मुलीने खेळावे आणि दोघांनी मिळून जिंकून आणावे. मग सत्काराला आपण आहोतच! हा लेख लिहिण्याचा हेतू इतकाच की, ही वाटणी चुकीची आहे, आणि ती बदलल्याखेरीज मुलींचे खेळ वाढणार नाहीत, हे आपल्यासारख्या शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या मंडळींपुढे स्पष्टपणे मांडावे.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. पुण्याच्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींसाठी शाळेचे दार उघडले. ते उघडण्यासाठी सावित्रीबाईंना काय सोसावे लागले हे आपण सर्वजण जाणतो. मात्र शाळेचे दार आणि मैदानाचे फाटक ही दोन एकाच दिवशी उघडली नाहीत. १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकचे नाव काढताच आपल्याला खाशाबा जाधवांचे कांस्यपदक आठवते आणि ते आठवलेच पाहिजे. परंतु त्याच हेलसिंकीला स्वतंत्र भारताच्या स्त्रिया ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरल्या होत्या, आणि त्यांत धावण्याच्या शर्यतींत नीलिमा घोष यांच्याबरोबर मुंबईच्या मेरी डिसूझा होत्या, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? महाराष्ट्र केसरीची कुस्ती १९६१ पासून सुरू आहे. स्त्रियांसाठी तशी स्पर्धा सांगलीला भरली ती २०२३ साली. मधली बासष्ट वर्षे मुलींच्या अंगात बळ नव्हते काय? बळ होते, आखाडा नव्हता.

या परिस्थितीतही ज्या पुढे गेल्या त्यांची नावे डोळ्यांपुढे आणावीत. कबड्डीच्या शकुंतला खटावकर यांना १९७८ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत उभी होती. धाराशिवच्या, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबादच्या, सारिका काळेला खो-खोसाठी २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१२ साली पाटण्याला महिलांचा कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरविले. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला, तेव्हा सांगलीच्या स्मृती मानधनाचे नाव घरोघरी होते.

आता या यादीतील गावे जरा पाहा. सावरपाडा आदिवासी पाडा. मोही दुष्काळी माणदेशातले. धाराशिवचे नाव पावसाच्या बातम्यांत ‘पाऊस नाही’ म्हणूनच यावयाचे. तेव्हा सोयी असतील तेथेच खेळाडू होतात हा आपला समज बाजूला ठेवलेला बरा. पण याचा दुसरा अर्थ काढून, ‘बघा, सोयींवाचूनही मुली पुढे येतातच की’ असे म्हणून हात झटकणेही तितकेच वाईट. एक ललिता पुढे आली. तिच्या मागे वर्गातल्या ज्या दहाजणी तितक्याच जोराने धावत होत्या, त्या कुठे गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला आहे?

काहीजण म्हणतील, गावाने खेळाचा भार उचलावा ही कल्पना आपल्याकडची नव्हे. मला तर उलटेच दिसते. गावाने खेळाडू पोसावा ही रीत महाराष्ट्राइतकी क्वचितच कोठे मुरली असेल. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान १९१२ साली उभे राहिले, ही झाली राजाश्रयाची गोष्ट. पण खेड्यापाड्यांत राजा नव्हता, तेथे काय होते? तेथे तालीम होती. तालमीची माती गावाने आणली, ती तेल-ताकाने मळली गावाने. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागायचा आणि त्याच्या इनामासाठी घरोघरी वर्गणी फिरायची. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत सारे गावाच्या पैशातून व्हायचे. एखाद्या गरिबाचा पोर अंगापिंडाने बरा दिसला की कुणी त्याच्यासाठी दुधाचा रतीब लावी, कुणी बदाम-खारका देई. वस्ताद पगाराची वाट पाहत नसे. आणि फडात पोरगा चीतपट झाला तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीचे दार त्याला उघडेच असे.

याला आज आपण ‘समाजाचा सहभाग’ असे भारदस्त नाव देतो. गावाने त्याला नाव दिलेच नव्हते, ते नुसते करीत होते. खेळाडू घडविण्यासाठी काय काय लागते हे आपल्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जागा लागते, खुराक लागतो, रोजचा ठरलेला वेळ लागतो, हरल्यावर पाठीवर हात लागतो. हे सारे ज्ञान आपण मुलांसाठी वापरले. मुलींच्या बाबतीत मात्र तेच गाव सारे काही विसरल्यासारखे वागते. एवढीच माझी तक्रार आहे.

या संदर्भात परदेशातले एक उदाहरण मला फार बोलके वाटते. अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा नावाचे एक राज्य आहे. मक्याचा मुलूख, शेतकऱ्यांची वस्ती, लहान लहान गावे. तेथील शाळांतून मुली बास्केटबॉल खेळत आणि १९२० पासून त्यांची राज्यस्पर्धाही भरत असे. १९२५ साली त्या राज्यातील शाळाप्रमुखांच्या संघटनेने ठरविले की, मुलींनी लोकांसमोर सामने खेळणे बरे नव्हे. मोठ्या शहरांतील शाळांनी ते मानले. पण लहान गावांच्या शाळांनी मानले नाही! त्यांनी उठून मुलींच्या खेळासाठी आपली वेगळी संघटना काढली आणि स्पर्धा पुढे चालू ठेवली. खेळाचे नियमही निराळे होते. सहा-सहा जणींचे संघ, तिघी चढाईच्या आणि तिघी बचावाच्या, मधली रेषा कुणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. त्या गावांत हिवाळ्याच्या रात्री मुलींचा सामना म्हणजे जत्राच असे. १९६८ सालच्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली या दोन छोट्या शाळा समोरासमोर आल्या. तो सामना जादा वेळेत ११३-१०७ असा संपला, आणि त्यात डेनिस लाँग या शाळकरी मुलीने एकटीने ६४ गुण केले. ज्या काळात अमेरिकेच्या पुष्कळशा शाळांत मुलींच्या वाट्याला टाळ्या पिटण्यापलीकडे काही येत नव्हते, त्या काळातील ही हकीकत आहे.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, शहर म्हणजे पुढारलेले आणि खेडे म्हणजे मागासलेले हे समीकरण नेहमी खरे नसते. शहरातल्या सुशिक्षितांना मुलींचे धावणे अशोभनीय वाटत होते. शेतकऱ्यांना ते तसे वाटले नाही, कारण त्यांच्या लेकी शेतात आणि गोठ्यात त्यांच्या बरोबरीने राबत होत्या. आपल्याकडे काय निराळे आहे? डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढणाऱ्या पोरीला आपण कधी विचारीत नाही, ‘बाळ, तुला झेपेल ना?’ उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या मुलीची नाजूक प्रकृती कुणाच्या ध्यानात येत नाही. ती फक्त मैदानावर उतरली की साऱ्यांना तिच्या प्रकृतीची काळजी वाटू लागते!

दुसरी गोष्ट अशी की, नुसत्या लोकांच्या उत्साहावर भागत नाही, कायदाही लागतो. आयोवातल्या त्या नियमांत, मुलींना पूर्ण मैदान धावणे झेपणार नाही ही समजूत दडलेलीच होती, आणि बचावातल्या मुलीला सामन्यात टोपलीत चेंडू टाकण्याची संधीच मिळत नसे. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असे त्याने सांगितले. त्यापूर्वीच्या वर्षी त्या देशातील माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुलींची संख्या तीन लाखांहून कमी होती, मुलांची छत्तीस लाखांहून अधिक. अलीकडच्या वर्षांत मुलींची संख्या तीस लाखांच्या वर गेली आहे. आयोवातील तो सहाजणींचा खेळही १९९३ साली थांबला आणि तेथील मुली सर्वांसारखा पूर्ण मैदानावरचा खेळ खेळू लागल्या. कायद्याने हक्क दिला, गावाने त्यापूर्वीच जिव्हाळा दिला होता. दोन्ही चाके हवीत, एका चाकावर गाडी चालत नाही.

आपल्याकडे कागदावर फारसे उणे नाही. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलींसाठी तालुक्यापासून राज्यापर्यंत शालेय स्पर्धा भरतात. दहावी-बारावीला खेळाचे जादा गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. मग गळती होते कुठे? माझ्या मते ती तीन ठिकाणी होते आणि तिन्ही ठिकाणी सरकारपेक्षा गावाचाच हात अधिक पोचतो.

पहिले ठिकाण म्हणजे संध्याकाळ. शाळा सुटते पाचला. सराव करावा तर सहा-साडेसहा होतात. वाडीवस्तीवरच्या मुलीची शेवटची एस.टी. त्याआधीच गेलेली असते, आणि चालत जावे तर वाटेवर दिवा नाही. मुलगा असेल तर कुणाच्याही मोटारसायकलवर बसून घरी जातो. मुलीला ते शक्य नसते. म्हणून ती सराव सोडते आणि आपण म्हणतो, हिला खेळाची आवड नाही! एस.टी.ची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलण्यासाठी आगाराकडे ग्रामपंचायतीने एक ठराव पाठविला, किंवा पाळी लावून चार पालकांनी मुलींना घरी पोचविले, तर त्याला कोणती मोठी योजना लागते?

दुसरे ठिकाण म्हणजे आठवी-नववीचे वय. या वयात मुलीचे शरीर बदलते. शाळेत पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह नसेल, कपडे बदलण्यास आडोसा नसेल, मैदानाच्या कडेला टवाळ पोरांचे टोळके बसत असेल, तर ती महिन्यातून चार दिवस आणि मग कायमचीच मैदानापासून दूर राहते. याविषयी पी.टी.च्या सरांशी ती बोलू शकत नाही. तेथे एखाद्या बाईंनी, एखाद्या आईने रोज मैदानाच्या कडेला नुसते बसावे, तेवढ्याने अर्धे काम होईल. मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न मी लहान मानीत नाही. शिकविणाऱ्याकडूनच त्रास झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण त्यावरचा उपाय मुलीला घरी बसविणे हा नसून मैदानावर चार वडीलधाऱ्या स्त्रियांची वर्दळ वाढविणे हा आहे. ज्या मैदानावर गावातल्या आया येऊन बसतात तेथे वाकडी नजर सहसा फिरकत नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे दहावीचे वर्ष. ‘यंदा दहावी आहे’ हे वाक्य उच्चारले की सर्व चर्चा संपते. अभ्यासाचे महत्त्व कला शाखेच्या विद्यार्थ्याने नाकारावे असे नाही. पण रोजचा एक तास खेळल्याने जिचा अभ्यास बुडेल, तिचा अभ्यास रोजच्या दोन तासांच्या धुण्या-भांड्यांनी कसा बुडत नाही? दहावीच्या मुलाला आपण घरकामातून मोकळे करतो, मुलीला खेळातून मोकळे करतो. पुष्कळ घरांत दहावीनंतर तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते आणि उन्हात रापलेला रंग, गुडघ्यावरचे वण हे खेळाविरुद्धचे पुरावे ठरतात. जी गोष्ट मुलाच्या अंगावर मर्दुमकी म्हणून शोभते तीच मुलीच्या अंगावर दोष म्हणून मोजली जाते. ही मोजपट्टी जोवर आहे तोवर मैदानावर कितीही खांब रोवले तरी त्यांच्याभोवती पळायला मुली राहणार नाहीत.

खर्चाचे म्हणाल तर खो-खो आणि कबड्डीसारखे स्वस्त खेळ जगात शोधून सापडावयाचे नाहीत. खो-खोला २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा, दोन लाकडी खांब आणि रेघा आखायला थोडी फक्की लागते. मुलींच्या कबड्डीला बारा मीटर बाय आठ मीटर मऊ माती पुरते. ज्या गावात उत्सवाच्या मंडपासाठी आणि ध्वनिक्षेपकासाठी एका आठवड्यात वर्गणी जमते, त्या गावाला हे परवडत नाही असे कोण म्हणेल? मंडळाने दहा रुपयांतला एक रुपया शाळेतील मुलींच्या संघाच्या बुटांसाठी, प्रवासासाठी आणि शेंगदाणे-गुळाच्या खुराकासाठी बाजूला काढला, तर देव रागावेल असे मला वाटत नाही.

आणि यात गावाचा स्वार्थही आहेच. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. तरी पुष्कळ ठिकाणी सरपंचबाईंच्या खुर्चीवरून त्यांचे यजमानच बोलतात, अशी आपण थट्टा करतो. जिला शाळेत कधी चारचौघांत मोठ्याने ओरडू दिले नाही, तिने एकदम ग्रामसभेत बोलावे ही अपेक्षा न्यायाची आहे काय? खो-खो खेळणारी मुलगी क्षणात निर्णय घ्यायला शिकते, ‘खो’ देऊन आपली जागा दुसरीच्या स्वाधीन करायला शिकते, पंचाचा न पटलेला निर्णय पाळायला शिकते आणि हरल्यावर समोरच्या संघाशी हात मिळवायला शिकते. पन्नास मुलींतील एक राष्ट्रीय खेळाडू होईल वा न होईल. उरलेल्या एकोणपन्नासजणी याच गावांत, कुणाच्या तरी गावांत, राहणार आहेत. गावाला मिळणारे खरे बक्षीस त्या एकोणपन्नासजणी आहेत असे मला वाटते. म्हणून शाळेच्या संघाची किंमत केवळ कपाटातील ढालींवरून करू नये. नववीत खेळणाऱ्या किती मुली दहावीतही खेळत आहेत, हा आकडा मुख्याध्यापकांनी दरवर्षी सूचनाफलकावर लावावा. तो वाढला तर खेळ वाढला असे समजावे.

मित्रमैत्रिणींनो, हे सारे वाचून ‘गावाने करावे’ असे म्हणून आपणही सुटका करून घेऊ नये. आपणही कुठल्या तरी गावचेच आहोत. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवस एखाद्या खेड्यात जाते. रस्ते झाडून आणि भिंतींवर घोषणा लिहून आपण परत येतो, आणि पुढच्या पावसात दोन्ही धुऊन जातात. त्याऐवजी त्या गावच्या शाळेत एक खो-खोचे आणि एक कबड्डीचे मैदान आखून यावे, दगड वेचून माती सारखी करावी, आणि निरोपाच्या दिवशी भाषणांऐवजी गावाच्या साक्षीने मुलींचा सामना लावावा. आपल्यापैकी ज्या मुली शाळेत खेळल्या आहेत त्यांनी सुटीत गावी गेल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेच्या मैदानावर उभे राहावे. लहान मुलींना शिकविणाऱ्या ताईइतका विश्वास दुसऱ्या कुणाचाच वाटत नाही. गुरुजनांना विनंती अशी की, त्यांनी आपल्या वर्गात एकदा सहज विचारावे, ‘शाळेत किती जणी खेळत होत्या?’ आणि मग, ‘आज किती जणी खेळता?’ दोन्ही वेळा वर आलेल्या हातांची संख्या मोजावी. या लेखात मी जे सांगू शकलो नाही ते त्या दोन आकड्यांतील अंतर सांगेल.

मिरवणूक काढायला गावाला कधीच कुणी शिकवावे लागले नाही. आता तालमीची जुनी रीत मुलींच्या मैदानापर्यंत नेण्याची वेळ आली आहे. वर्गणीची वही पुढच्या उत्सवात आपल्याच हातात असेल. तिच्या पहिल्या पानावर शाळेतल्या मुलींच्या संघाचे नाव लिहायचे की नाही, हे आपणच ठरवायचे आहे.